वर्गात आलेला तीन डोळ्यांचा पाहुणा

घोरपड आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची. रानात पाहिली नसेल त्यानेही तानाजीच्या आख्यायिकेतली यशवंती ऐकलेली असतेच. तर या घोरपडीचा एक थोरला भाऊबंद दूर इंडोनेशियात, कोमोडो नावाच्या बेटावर आणि त्याच्या आसपासच्या दोनचार बेटांवर राहतो. लांबीला दहा फुटांपर्यंत, वजनाला सत्तर किलोच्या घरात, आणि भूक अशी की हरीण म्हणू नका, रेडा म्हणू नका, मिळेल ते आपलंच. १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या प्राणिसंग्रहालयानं हे बेणं लोकांना जवळून दाखवायचं ठरवलं. भोवती लाकडी कठडा घातला, आत घोरपड सोडली, आणि थंडीच्या दिवसांत करमणूक दुसरी काय असणार, आईबाप पोराबाळांना घेऊन लोटले. पोरं कठड्यावर ओणवी झाली, हात टेकून, हनुवटी टेकून डोळे फाडफाडून बघत राहिली, आणि घरी जाऊन दोनतीन दिवसांत एकेक करून अंथरुणाला खिळली. ताप, पोटात कळा, जुलाब.

साठाहून जास्त रुग्ण सापडले, आणि त्यांत बहुतेक चिमुरडी पोरं. तपासलेल्या पोरांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू, आणि तेच जंतू घोरपडीच्याही पोटात. आता तपासणारे डॉक्टर चोख. त्यांनी प्रत्येक घरी विचारणा केली, की बाळ, तू घोरपडीला हात लावलास का? तर एकानंही लावला नव्हता. लावणार कसा, दहा फुटी जनावर ते! मग आजारी पडलेली पोरं आणि तिथंच जाऊन धडधाकट राहिलेली पोरं यांच्यात फरक काय, हे शोधता शोधता दोन गोष्टी हाती लागल्या. एक, आजारी पोरांनी तो लाकडी कठडा जास्त हाताळला होता. आणि दुसरी, जी पोरं बाहेर पडल्यावर हात धुऊन मगच खायला बसली होती, ती बरीचशी वाचली होती. घोरपडीनं कुणाकडे वाकडी मान करून पाहिलंसुद्धा नव्हतं. तिनं केलं काय, तर ती आपल्या जागेत इकडून तिकडे हिंडली, एवढंच.

मी जन्मभर गुरांचा डॉक्टर. कोंबड्यांतला साल्मोनेला माझ्या चांगला परिचयाचा, त्यानं मला पुष्कळ दमवलंय. कोंबडीची पिल्लं त्यानं पटापट माना टाकतात. पण सरपटणाऱ्या प्राण्यांशी त्याचं जमलेलं मैत्र पाहून मला जरा हेवाच वाटतो. साप असो, सरडा असो की कासव, त्यांच्या आतड्यात हे जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतात आणि यजमानाला शिंकसुद्धा येत नाही. त्यातून लबाडी अशी की विष्ठेतून ते रोज बाहेर पडत नाहीत. आज पडतील, मग कितीतरी दिवस पडणार नाहीत. म्हणून एकदा तपासणी करून 'आमचा सरडा स्वच्छ आहे हो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. जाणते पाळणारे सरळ धरून चालतात, की आहेच.

अमेरिकेनं हा धडा त्याआधीही एकदा गिरवला होता. साठ-सत्तरच्या दशकात तिथं नाण्याएवढी कासवाची पिल्लं खेळण्यांच्या भावात विकली जात, आणि लहान पोर कुठलीही देखणी वस्तू हातात आली की पहिलं काम काय करतं, ते कुठल्याही आजीला विचारा. तोंडात घालतं. अखेर १९७५ साली तिथल्या सरकारनं चार इंचांहून छोट्या कवचाचं कासव घरी पाळायला विकण्यावर बंदी घातली. चारच इंच का, तर त्याहून मोठं कासव लहान पोराच्या तोंडात सहसा मावत नाही! कायदा करणाऱ्यांनी पोराच्या जबड्याचं माप घेऊन कायदा केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. पण त्या एका मापानं वर्षाला लाखभर मुलांची आजारपणं टळली असा त्यांचाच अंदाज आहे.

हे सगळं वाचून तुमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असेल, की मग ही असली जनावरं पोरांपुढे न्यायचीच कशाला? मलाही तसंच वाटायचं. पण मुलीकडे इंग्लंडात राहायला गेलो असताना नातीच्या प्राथमिक शाळेत एक बाई प्राण्यांच्या पेट्यांचा बाडबिस्तरा घेऊन आलेल्या पाहिल्या, आणि पोरांइतकाच मीही जमिनीवर मांडी ठोकून बसलो. तिथं हा रीतसर धंदा आहे. प्राणी दाखवून पैसे घेणाऱ्याला २०१८ च्या नियमांप्रमाणे स्थानिक पालिकेचा परवाना लागतो, आणि परवाना देण्याआधी प्राण्याचं घर, खाणं, आजारपणाची सोय, सगळं तपासलं जातं. विषारी साप न्यायचा तर प्रश्नच नाही, त्याला १९७६ चा वेगळा कडक कायदा आहे. बाईंच्या पेट्यांत तीनच पाहुणे होते, आणि ती निवड ज्यानं केली असेल त्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

पण पेट्या उघडायच्या आधी त्यांनी पोरांना हात धुवायला लावले. नंतर धुवायचे हे मला ठाऊक होतं, आधी कशासाठी ते कळेना. तर त्याचं कारण मोठं मजेशीर. सापाची नजर बेताची आणि सगळी भिस्त वासावर. एखादं पोर सकाळी घरच्या पाळीव उंदराला कुरवाळून आलं असलं, आणि तोच हात त्यानं सापापुढे धरला, तर सापाला दिसणार हात आणि वास येणार न्याहारीचा. अशा वेळी सापानं चावा घेतला तर त्याचा दोष काय? डब्यातलं सँडविच खाऊन आलेला हातही नको, कारण पाहुण्याच्या अंगाचे जंतू जसे पोराला नकोत तशी पोराच्या हातावरची लोणी-साखर पाहुण्याच्या अंगाला नको. आणि जमिनीवर पाय आपटायचे नाहीत, असंही त्यांनी बजावलं. सापाला बाहेरचा कान नाही, पण जबड्याच्या हाडातून त्याला जमिनीचा थरथराट थेट आतल्या कानापर्यंत पोचतो. तीस पोरांनी एकदम पाय आपटले तर त्या बिचाऱ्याला भूकंपच झाला.

मग पहिली पेटी उघडली. तिच्यात होता दाढीवाला सरडा, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या रुक्ष मुलखातला, शेपटीसकट हात-सव्वा हात लांब, गळ्याभोवती काट्यांची झालर. हा इंग्लंडात काय करतो, असं तुम्ही म्हणाल. ऑस्ट्रेलियानं आपली रानटी जनावरं बाहेर विकायला कधीचीच बंदी केलीय, पण त्याआधी जे थोडे बाहेर गेले त्यांची पिलावळ आता जगभर घराघरांत वाढलीय. आजचा हा सरडा पिढ्यान् पिढ्या काचेच्या पेटीतच जन्मलेला. बाईंनी त्याला बाहेर काढताना एक गोष्ट केली ती माझ्या नजरेत भरली. हात वरून नेला नाही. बाजूनं, त्याला दिसेल असा, हळूच पोटाखाली सरकवला, चारही पायांना आधार दिला आणि मग उचललं.

त्याचं कारण या सरड्याच्या टाळूवर आहे. दोन डोळ्यांच्या थोडं मागं, बरोबर मधोमध, मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक फिकट ठिपका दिसतो. तो त्याचा तिसरा डोळा. गंमत करत नाही. त्याला भिंग आहे, पडदा आहे, मेंदूकडे जाणारी नस आहे. चित्र त्याला दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते, आणि रुक्ष माळावर ऊन खात पडलेल्या सरड्याला तेवढंच कळणं पुरे असतं, कारण वरून अचानक सावली पडली म्हणजे ती बहुधा ससाण्याची असते. आता विचार करा, वर्गातल्या एखाद्या प्रेमळ पोरानं 'अले, कित्ती गोड' म्हणत वरून हात आणला, तर त्या सरड्याच्या लेखी काय घडलं? ससाणा आला. म्हणून बाईंनी पोरांना आधी तो ठिपका दाखवला, एकेकाला जवळ बोलावून, भिंगातून. आणि ज्या पोरानं तो ठिपका एकदा पाहिला त्यानं मग वरून हात आणलाच नाही. 'वरून हात लावू नका' अशी पाटी शंभर वेळा वाचून जे होत नाही ते त्या मोहरीएवढ्या डोळ्यानं केलं.

हा सरडा रागावला किंवा घाबरला की गळ्याची झालर फुगवतो आणि ती काळीकुट्ट होते. ती काळी पडू लागली की पाहुण्याला परत पेटीत घालायचं, मग रांगेतली किती पोरं उरली आहेत ते बघायचं नाही. याच्या उलट, कधी कधी तो पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल फिरवतो. पोरं ओरडली, 'तो टाटा करतोय!' बाई हसल्या. तो टाटा नव्हे हो, ती शरणागती आहे. मोठ्या सरड्यापुढे धाकटा असा पाय हलवून सांगतो, की बाबा तू थोर, मला भांडायचं नाही. म्हणजे तीस पोरांच्या घोळक्यापुढे बसून तो मला क्षमा करा म्हणत होता, आणि आपण त्याला टाटा समजून उलट टाटा करत होतो.

त्याच्या अंड्यांची कथा तर त्याहून निराळी. नर आणि मादी कोण होणार हे याच्यात आपल्यासारखंच आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठरतं, पण अंडी बत्तीस अंशांहून जास्त उष्णतेत उबवली गेली तर नर व्हायचा तो मादी होऊन बाहेर येतो, आणि नुसता दिसायला नव्हे, अंडी घालणारी पक्की मादी. प्रयोगशाळेत हे आधीच माहीत होतं. पण ऑस्ट्रेलियाच्या उघड्या रानातही असंच घडतं हे २०१५ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. हे मात्र बाईंनी पोरांना सांगितलं नाही. सात वर्षांच्या पोरांना एका दिवशी किती धक्के द्यायचे याचं भान त्यांना होतं.

दुसऱ्या पेटीतली पाहुणी होती ठिपकेवाली पाल. ही मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य टोकाची, आणि हिची एक सख्खी बहीण आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत खडकाळ माळावर राहते. दिवसा दगडाखाली, रात्री बाहेर. आपल्याकडे तिच्याविषयी भलभलत्या समजुती, की विषारी असते, फुंकर मारली की माणूस खलास, आणि म्हणून दिसली की दगड. प्रत्यक्षात तिच्यात विषाचा थेंब नाही. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळे चाटून स्वच्छ करते. पण हिला चांगल्या पापण्या आहेत, त्यामुळे ती डोळे मिटते, अर्धवट उघडते, आणि तोंडाची ठेवणच अशी की सदा मंद हसत असल्याचा भास होतो. घरच्या पालीच्या बोटांना चिकटणारे तळवे असतात, हिला तेही नाहीत, साधी नखं आहेत. म्हणून ती काचेवर चढत नाही, छतावर पळत नाही. शाळेत आणायला यापेक्षा सोयीची पाल मिळायची नाही.

तिची खरी नवलाई तिच्या कानात. बाईंनी तिला उजेडाच्या दिशेनं आडवी धरली आणि एका मुलाला म्हणाल्या, हिच्या कानात बघ. तो पोरगा वाकला, आणि किंचाळलाच. पलीकडचा उजेड दिसत होता! या कानाच्या भोकातून त्या कानाच्या भोकाबाहेरचा प्रकाश. कानाचे पडदे इतके पातळ आणि मधली जागा तोंडातून अशी मोकळी, की डोकं आरपार दिसतं. माझ्या मेव्हण्याबद्दल आमच्या घरात असंच बोललं जायचं, एका कानातून आत, दुसऱ्या कानातून बाहेर; पण इथं ते डोळ्यांनी पाहायला मिळालं.

हिला मात्र हातात द्यायचं नाही. बाईंनी ती तळव्यावर बसवून जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवली, कारण ती घाबरून उडी मारते, आणि त्याहून वाईट म्हणजे शेपूट टाकते. शेपटीच्या मणक्यांत मुळातच तुटायच्या जागा केलेल्या असतात. स्नायू आवळले की तिथून शेपूट सुटतं आणि नंतर कितीतरी वेळ एकटंच वळवळत राहतं. शत्रू त्या वळवळीकडे बघत बसतो, पाल निसटते. युक्ती नामी, पण महागडी, कारण हिची सगळी साठवलेली चरबी त्या जाड शेपटीतच असते. नवी शेपटी फुटते ती आखूड, गुळगुळीत, जुन्या नक्षीशिवायची. वर्गात भरदिवसा एखाद्या पोराच्या मुठीत वळवळती शेपटी राहिली, तर पुढचं रामायण काय घडेल ते मी सांगायला नको. म्हणून पाल सगळ्यांनी बघायची, आणि बघताना हात पाठीमागं बांधायचे, असा दंडक.

तिसरा पाहुणा पिशवीतून आला. सापाला जाळीच्या पेटीत नेलं तर तो नाक घासून जखमी करून घेतो, म्हणून मऊ सुती पिशवी, तोंड बांधलेलं, आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात. थंडीचे दिवस, म्हणून डब्यात फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. हा होता अमेरिकेच्या आग्नेय भागातला मक्याच्या शेतातून, कोठारांतून उंदीर धरणारा साप, आपल्या धामणीच्याच मोठ्या गोतावळ्यातला. तांबूस-नारिंगी, अंगभर काळी किनार असलेले पट्टे, बिनविषारी. त्याला आणायच्या आधी दोन दिवस खायला दिलेलं नव्हतं, कारण भरल्या पोटी साप हाताळला की तो खाल्लेलं ओकून टाकतो, आणि ते त्याच्या जिवाला चांगलं नसतं. शिवाय त्याचे डोळे स्वच्छ आहेत ना, हेही बाईंनी घरून निघताना पाहिलं होतं.

डोळ्यांचं काय, तर सापाला पापणी नसते. तिच्या जागी एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा, डोळ्यावर कायमचा बसवलेला. कात टाकायची वेळ आली की जुनी कात आणि नवी कात यांच्यात पाणी साचतं, ही काच निळसर दुधी होते, सापाला धड दिसेनासं होतं आणि तो चिडखोर बनतो. त्या दिवसांत शाळा बंद, कितीही आधीपासून तारीख ठरलेली असली तरी. मग आठवड्याभरानं तो ओठ दगडाला घासतो, तोंडाजवळ कातीची कड सोडवतो आणि अख्खी कात उलटी करून मागं टाकतो, डोळ्यांवरच्या काचांसकट. बाईंनी एक कात आणलीच होती, तिच्यात डोळ्यांच्या जागी दोन टिकल्या स्पष्ट दिसत होत्या, आणि पोरं सापापेक्षा त्या टिकल्यांवरच जास्त वेळ रेंगाळली.

साप बाईंच्या मांडीवर. डोकं त्यांच्या अंगाकडे वळवलेलं, पोरांपुढे फक्त मधलं धड, आणि हात लावायचा तो दोन बोटांनी, डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या रोखानं. उभं राहून साप दाखवायचा नाही हेही मी तिथंच शिकलो, कारण पोर दचकलं, बाई दचकल्या, साप निसटला, तर पडला तरी मांडीवरच पडेल. एकेक पोर पुढं आलं, बोट लावलं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून तोच उद्गार निघाला, अगं हा तर कोरडा आहे! साप बुळबुळीत असतो ही समजूत जगभर सारखीच, इंग्लंडात असो की आमच्या गावात. एक मुलगी काही केल्या पुढं येईना. बाईंनी तिला आग्रह केला नाही, 'बाकीची बघ कशी धीट' असंही म्हटलं नाही. ती शेवटपर्यंत मागच्या रांगेत बसून राहिली, आणि तिला त्यात काहीच गमावल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही.

साप मात्र सगळा वेळ जीभ लवलवत होता. त्याचा अर्थ पोरांना वाटला, चावायला बघतोय. प्रत्यक्षात तो वर्गाचा वास घेत होता. जिभेच्या दोन टोकांवर हवेतले कण गोळा करायचे, जीभ आत ओढायची, आणि टाळूतल्या दोन छोट्या खळ्यांतल्या वासाच्या इंद्रियाकडे ते पोचवायचे. डाव्या टोकावर वास जास्त की उजव्या, यावरून उंदीर कुठल्या बाजूला गेला ते कळतं. एका चिरंजीवांनी विचारलं, मग त्याला माझा वास कसा येतो? बाई म्हणाल्या, साबणाचा.

सगळ्यात शेवटी आला तो प्रश्न, जो जगातल्या कुठल्याही शाळेत येतोच, आणि तो विचारणारा पोरगाही प्रत्येक वर्गात एक असतोच: हा शी कुठून करतो? हशा पिकला. पण बाईंनी त्याला गप्प बसवलं नाही. सापाची लघवी पातळ नसते, ती खडूसारखी पांढरी घट्ट येते, पाणी वाचवण्यासाठी. मलही त्याच वाटेनं येतो, आणि अंडीही त्याच वाटेनं. 'आणि जंतूसुद्धा तिथूनच येतात, आणि साप त्याच्यावरून सरपटला की अंगभर लागतात,' असं म्हणून त्यांनी पोरांना रांगेत उभं करून वाहत्या पाण्याखाली, साबणानं, वीस सेकंद मोजून हात धुवायला लावले. नुसती बाटलीतली जेल लावून भागत नाही. आणि पाच वर्षांच्या आतल्या शिशुवर्गाला त्या दिवशी दारातूनच परत पाठवलं होतं. ती पोरं खट्टू झाली, रडली. पण ज्यांचे हात दर मिनिटाला तोंडात असतात त्यांनी सरड्यापासून लांबच राहावं, याबाबतीत बाई अडून होत्या, आणि मी त्यांच्या बाजूनं.

इथं परतल्यावर ही हकिकत सांगितली की कुणी ना कुणी म्हणतंच, मग आपल्या शाळेतही बोलवा की कुणी सर्पमित्र, नाग घेऊन. आमच्या लहानपणी गारुडी यायचा, शाळेच्या पटांगणात पुंगी वाजवायचा, गुरुजी त्याला पायलीभर तांदूळ द्यायचे. त्या नागाचे दात उपटलेले, कधी तोंड शिवलेलं, आणि टोपलीत तो उपाशी मरत चाललेला, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्या रानातला नाग, धामण, अजगर, घोरपड, तारा कासव, काही म्हणजे काही पकडून ठेवता येत नाही, आणि ते बरंच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला हा खेळ इथं नकोच वाटतो, आणि त्याचं कारण इंग्लंड आणि इथला फरक. इंग्लंडात विषारी साप एकच, तोही बिचारा मवाळ. त्याच्या चाव्यानं अख्ख्या ब्रिटनमध्ये शेवटचं माणूस गेलं ते १९७५ साली. आपल्याकडे २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यात शेतावर राबणारी, अनवाणी फिरणारी माणसं फार. तिथल्या पोराला 'साप कोरडा असतो, मऊ असतो' हे कळलं तर ते शहाणं होतं. इथल्या पोराला नुसतं तेवढंच कळलं, आणि त्यानं कोकणातल्या कातळावर बसलेलं वीतभर फुरसं त्याच विश्वासानं उचललं, तर? त्याला साप ओळखायला शिकवावं, कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपलीकडून दाखवावेत, नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघे डोळे मिटून ओळखता यावेत इतकी चित्रं बघायला द्यावीत. पण हात लावायची सवय लावू नये.

मग आपल्या पोरांच्या नशिबी नवल नाही का? अहो, ते तर दिवाबत्ती झाली की खिडकीवर हजर असतं. आमच्या वाड्यात दिवा लावला की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येते, किड्यांसाठी. काच मध्ये असल्यामुळे तिचं पोट आपल्याकडे, आणि हात लावायचा प्रश्नच मिटला. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्या पट्ट्यांवर इतके बारीक केस असतात की मोठ्या टोके पालीच्या एकेका पावलावर जवळजवळ पाच लाख मोजलेत, आणि त्या प्रत्येकाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे. डिंक नाही, पाणी नाही, नुसता केसांचा आणि काचेचा अगदी जवळचा स्पर्श, आणि त्यातल्या रेणूंची एकमेकांना असलेली ओढ. तेवढ्यावर पाल लटकते. आणि मादी असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून आतली दोन पांढरी अंडी स्वच्छ दिसतात, बहुतेक वेळा दोनच, एक डावीकडे, एक उजवीकडे.

शेजारची पोरं रोज रात्री जेवण टाकून येतात ती अंडी केवढी झाली ते बघायला, आणि ती कधी घालणार यावर त्यांच्यात गोट्यांच्या पैजा लागल्यात. एकानं तर शेजारच्या खिडकीवरची दुसरी पाल आपली म्हणून जाहीर केलीय. ती पाल नर आहे, तिच्या पोटात काहीच नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.